पांढरं मूळ लागेपर्यंत

भाद्रपद लागला की आमच्या ताथवड्याच्या घरात मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो. वाळत घातलेले कपडे तीन दिवसांनीही हाताला गार लागतात, आणि कपाट उघडलं की जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरकी लव धरलेली दिसते. आषाढातल्यासारखा पाऊस आता कोसळत नाही. तो नुसता असतो. समोरच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतींच्या हिरव्या जाळ्यांतून ठिबकत असतो, रस्त्यावरच्या खड्ड्यांत उभा असतो, माणसांच्या सांध्यांत शिरून बसलेला असतो. लोक गणपतीच्या खरेदीला निघतात, कुठूनतरी ढोलाचा सराव कानावर येतो, आणि मला दरवर्षी या दिवसांत काहीतरी कुजल्याचा वास येतो. माझी मुलगी मुक्ता म्हणते, "आई, भास आहे तुझा. मी फ्रिजसुद्धा पुसून काढला."

या वर्षी मात्र तो वास खरोखरच घरात आला. वरच्या मजल्यावरची अंजली ऑर्किडची कुंडी घेऊन दारात उभी राहिली. तिच्या नवऱ्याला ऑफिसात कुणीतरी भेट दिलेली. जांभळी फुलं, खाली जाड हिरवी पानं.

"काकू, तुम्ही पूर्वी फुलांच्या कामात होतात ना? बघा ना जरा. फुलं एवढी छान आहेत, पण झाड कुंडीत डुगडुगतंय."

मी कुंडी बाजूंनी दाबली आणि बुंध्याला धरून झाड उचललं. ते अलगद वर आलं. इतकं अलगद यायला नको होतं. चांगलं ऑर्किड कुंडी सोडत नाही. त्याची मुळं नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांना आणि कोळशाला अशी मिठी मारून बसलेली असतात की एकेक सोडवावं लागतं. याची मुळं तपकिरी आणि मऊ झाली होती. एक चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. मग तो वास आला. ओल्या पोत्याचा, शिळ्या पाण्याचा, थोडासा गोडसर.

"पण पानं तर हिरवी आहेत," अंजली म्हणाली.

"पानांना सगळ्यात शेवटी कळतं."

मी कात्री घेतली, गॅसच्या ज्योतीवर धरली, गार होऊ दिली. मुळं नळाखाली धुतली. मऊ लागलं ते कापलं, पुन्हा ज्योत, पुन्हा काप. असं पांढरं, टणक मूळ लागेपर्यंत. शेवटी तीनच मुळं उरली. कापलेल्या तोंडांवर बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड लावली, फुलांचा तुरा कापून अंजलीच्या हातात दिला, आणि झाड वर्तमानपत्रावर उघडं ठेवलं. उद्या संध्याकाळपर्यंत असंच सुकू दे म्हटलं, मग नव्या सोडणात लावू. बाजारातून बुरशीनाशक आणून त्याचं पाणी देऊ, पण मोजून. तोवर पाण्याचा थेंब नको.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?" तिनं विचारलं.

"हौसामावशींनी."

"कुठं असतात त्या आता?"

सरळ प्रश्न होता. मी हातातली कात्री पुसत राहिले. दोनदा पुसून झाली तरी पुसत राहिले.

*

मुक्ता सहा वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही तळेगाव दाभाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी मूळची धाराशिवकडची. शेतीची पदविका घेतलेली, लग्न होऊन इकडे आलेली. नवरा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर, प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रांवर. त्याच्या शर्टाला कायम तेलाचा वास आणि झोपेला कायम शिफ्टचं वेळापत्रक. तळेगावच्या पुढे डोंगराच्या अंगाला एका पुण्याच्या साहेबांचं पॉलीहाऊस होतं, तिथं मला सुपरवायझरची नोकरी लागली. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं. इथं पाणी इतकं की त्यापासून झाडं वाचवण्यासाठी माणसं पगारावर ठेवावी लागतात, याचं मला पहिल्या पावसाळ्यात हसू आलं होतं.

हौसामावशी तिथं माझ्या आधीपासून होत्या. शेजारच्याच गावच्या. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला आणि वर कंपनीचं निळं एप्रन. पॉलीहाऊस उभं राहिलं तेव्हा दक्षिणेकडून एक प्रशिक्षक आला होता. त्याची भाषा कुणाला कळत नव्हती, पण मावशींनी त्याचे हात बघून सगळं उचललं होतं. मी पुस्तकातून बुरशीची नावं पाठ केलेली होती. मावशींना एकही नाव ठाऊक नव्हतं. त्या कुंडी कानाशी नेऊन हलवायच्या आणि सांगायच्या, "ह्याचं बिघडलंय." उघडून बघितलं की बिघडलेलंच असायचं.

त्यांचा हात चांगला आहे असं गावातही मानायचे. भात लावणीच्या वेळी चिखलात रोपांची पहिली मूठ त्यांनी लावावी म्हणून लोक न्यायला यायचे. एकदा त्या दिवसभराची सुट्टी मागायला आल्या तेव्हा मी विचारलं, "तुमच्या शेतात लावणी आहे का?" तर म्हणाल्या, "माजं कुठलं शेत, पोरी? समदं कंपन्यांच्या खाली गेलं. लोकांच्या शेतात मूठ लावाया जाते." त्यात दुःख सांगितल्यासारखं काही नव्हतं. उलट थोडा तोरा होता.

बाकीच्या बाया मला मॅडम म्हणायच्या. मावशी चारचौघांत मॅडम म्हणायच्या आणि टेबलापाशी दोघीच असलो की पोरी.

त्या वर्षी दसऱ्यासाठी हॉटेलांची मोठी मागणी आली होती. रोपं ट्रकमधून सकाळीच उतरली होती आणि त्यांना थांबवून ठेवता येत नव्हतं. कुंड्या मात्र मागच्या खेपेच्या, वापरलेल्या. नियम असा की जुन्या कुंड्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवायच्या, मग पूर्ण वाळवायच्या, मगच भरायच्या. तसं केलं नाही तर जुनी बुरशी नव्या मुळांत कशी शिरते ते मीच बायांना समजावून सांगितलेलं होतं. पण त्या दिवशी अकराच्या सुमाराला मुक्ताच्या शाळेतून फोन आला. पोरीला ताप भरलाय, न्यायला या. नवरा पहिल्या शिफ्टला. घरी दुसरं कुणी नाही. साहेब पुण्याहून सारखे विचारत होते, रोपं लावून झाली का.

मी बायांना सांगितलं, पाइपनं कुंड्या धुऊन घ्या आणि भरायला लागा.

मावशी एक कुंडी हातात घेऊन माझ्याकडे आल्या. "पोरी, ह्या भिजवल्या न्हाईत."

"मावशी, धुतल्यात ना चांगल्या. आजच्या आज व्हायला पाहिजे."

"आतल्या कडंला बघ. हिरवट हाय अजून."

"भरा हो तुम्ही. मी आहे ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भरते की. तू म्हनतीस तर भरते."

निघण्यापूर्वी मी नोंदवही उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं, 'कुंड्या निर्जंतुक केल्या.' खाली सही केली. घाई होती, पण अक्षर वळणदार आलं. अजून डोळ्यांसमोर आहे ते.

*

तीन आठवड्यांनी, भाद्रपद लागला तेव्हा, पहिली कुंडी डुगडुगली. मग दुसऱ्या रांगेतली चार. मग मोजायचं सोडून दिलं.

त्या दिवसांचा विचार केला की मला आधी आवाज आठवतो. प्लास्टिकच्या छतावर अखंड पाऊस, आणि खाली टेबलाशी बसलेल्या बायांच्या कात्र्यांची कटकट. मग वास. कुजक्या मुळांचा, स्पिरिटचा, आणि सगळ्यांवर दालचिनीचा. तो हातांना इतका भिनला होता की घरी भाकरी थापली तरी भाकरीला यायचा. मुक्ता म्हणायची, "आई, तुला बिर्याणीचा वास येतो." आम्ही रबरी हातमोजे घालून बुरशीनाशकाच्या पांढुरक्या पाण्यात झाडं बुडवायचो, टोपल्यांत उलटी टांगायचो. सुकायला हवीत ती झाडं आणि हवेत तर थेंब लोंबत. सकाळी डोंगर दिसायचा नाही, दुपारी दिसायचा नाही, संध्याकाळी एका बाजूला अंधार जास्त दाटला की तिथं डोंगर आहे असं समजायचं.

कापायचं काम मला जमत नव्हतं. जरा बरं दिसणारं मूळ मी ठेवून द्यायचे. दोन दिवसांनी तेच झाड पुन्हा टेबलावर यायचं, आधीपेक्षा वाईट होऊन. मावशी माझ्या शेजारी सरकून बसल्या.

"भिऊ नगं. पांढरं लागंस्तवर काप. अर्दं सोडलंस तर समदं जाईल."

"मावशी, काहीच राहणार नाही असं कापलं तर."

"येक राहिलं तरी जगतंय. पर ते येक खरं पायजे."

प्रत्येक झाडानंतर त्या कात्री स्पिरिटच्या डब्यात बुडवायच्या आणि ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजायच्या. मी ते रोज बघत होते. शेकडो वेळा बघितलं असेल. कुंड्यांबद्दल त्यांनी एकदाही विषय काढला नाही. एका दुपारी डबा खाताना एवढंच विचारलं, "पोरीचा ताप उतरला का गं तवा?" मी म्हणाले, उतरला. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्या डब्यात लसणाची चटणी वाढली. ती चटणी घशाखाली उतरवताना मला ठरवलेलं आठवतं, आज साहेबांना सांगायचं. त्या आठवड्यात मी हे चार-पाच वेळा ठरवलं. नवऱ्याचं कंत्राट संपत आलं होतं. पुढचं मिळेल की नाही कळत नव्हतं. हे कारण खरं होतं. पण माणसाकडे खरं कारण असलं की त्याला किती सोयीचं जातं, हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

एके दिवशी साहेब स्वतः आले. वाईट माणूस नव्हता तो. रांगांमधून फिरला, पिवळी पडलेली पानं हातात घेऊन बघत राहिला, आवाज चढवला नाही. मग आम्हा सगळ्यांना पॅकिंगच्या शेडमध्ये बोलावलं आणि नोंदवही उघडली.

"कुंड्या तर निर्जंतुक केलेल्या आहेत. रोपं ज्यांनी दिली त्यांच्याकडे बाकी कुणाची तक्रार नाही. मग हे आलं कुठून? या कुंड्या कुणी भरल्या?"

"दुसऱ्या टेबलानं," कुणीतरी म्हणालं. दुसरं टेबल मावशींचं. कुंड्या भिजवल्या नव्हत्या हे बायांना ठाऊक होतं, पण वहीत माझी सही होती आणि माझ्यासमोर ते कुणी म्हणणार नव्हतं.

कमल नावाची एक बाई होती, मावशींच्याच गावची, तरुण, तोंडानं फटकळ. टेबलाची मुख्य आपल्याला करावं असं तिला फार दिवस वाटत होतं. ती म्हणाली, "साहेब, मावशींची कात्री येकच असती समद्या झाडांना. त्या कुटं स्पिरिटात बुडवत्यात?"

मावशींनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही सुपरवायझर आहात."

छतावर पाऊस वाजत होता. मला आठवतं, माझ्या पायाशी एक गोगलगाय चालली होती आणि मी तिच्याकडे बघत होते.

"मी प्रत्येक वेळी टेबलापाशी नसते, साहेब," मी म्हणाले.

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांनी मान हलवली आणि मावशींना म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मावशी तरीही थांबल्या. घटकाभर, निदान मला तेवढा वेळ वाटला, त्या उभ्या राहिल्या. मग हातमोजे काढले, उलटे झालेले सरळ केले, टेबलावर ठेवले. एप्रन काढून त्याची घडी घातली. नळावर हात धुतले. बाहेर पडताना एरवी त्या "येते गं" म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

झाडं तशीही वाचली नाहीत. मावशी गेल्यावर कापणारा तो हातच उरला नव्हता. पॉलीहाऊसच्या मागे खड्डा खणून सगळी खेप चुना टाकून पुरली. वरच्या थरात काहींना फुलं होती. पुरताना बाया ती खुडून केसांत माळायला लागल्या तेव्हा मी ओरडले त्यांच्यावर. रोग पसरेल म्हणून, असं सांगितलं.

*

माणसाची नोकरी जाते, दुसरी मिळते. आमच्या या पट्ट्यात तर कुठल्या ना कुठल्या गेटवर बाई-माणसाला काम मिळतंच. मावशींचं तेवढंच झालं असतं तर कदाचित मीही विसरले असते. पण कमलचं बोलणं गावात गेलं आणि जाताना बदलत गेलं. कात्रीचं राहिलं बाजूला. हौसाबाईच्या हाताला रोग आहे, हात लागला की मूळ कुजतं, असं झालं. शेजारच्या दोन पॉलीहाऊसांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. पुढच्या पावसाळ्यात कमलनंच मला हसत हसत सांगितलं, "मॅडम, औंदा मूठ लावाया म्हातारीला कुनीच बोलावलं न्हाई." मी तेव्हा पाण्याचा पाइप गुंडाळत होते. गुंडाळत राहिले.

त्यानंतर एकदा तळेगावच्या आठवडे बाजारात मी त्यांना बघितलं. मिरचीच्या रोपांच्या ढिगापुढे त्या उकिडव्या बसल्या होत्या. हात गुडघ्यांवर. रोपांना हात न लावता नुसतं बघत होत्या. विकणारा त्यांच्याच गावचा असावा. मी वळले आणि भांड्यांच्या गल्लीतून निघून गेले. घरी आल्यावर लक्षात आलं, भाजी आणायची राहिली.

पुढे नवरा कायम झाला, आम्ही ताथवड्यात घर घेतलं, मी ते काम सोडलं. पॉलीहाऊसही साहेबांनी विकलं. तिथं आता गोदाम आहे. मुक्ता इंजिनियरिंगला आहे. सगळं बरं चाललंय असं सांगता येईल, आणि मी तसंच सांगते. फक्त भाद्रपदात, हवा अशी अंगाला चिकटायला लागली की माझं घरात लक्ष लागत नाही.

*

अंजलीचं झाड नव्या कुंडीत लावून दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली. मुक्ताला सांगितलं, तळेगावकडे एक जुनी ओळखीची आहे. देहूरोडपासून भुरभुर सुरू झाली. गाव बदललं होतं. शेतांच्या जागी पत्र्याची कुंपणं, चाळींसारख्या भाड्याच्या खोल्या, ठिकठिकाणी उभे कंटेनर. पण मावशींचं नाव विचारल्यावर एका पोरानं लगेच बोट दाखवलं.

त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. खूप आक्रसल्या होत्या. शेजारी काठी.

"मावशी, मी संगीता. पॉलीहाऊसमधली."

"वळखलं," त्या म्हणाल्या. बस म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर बसले.

वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं विसरून गेले. एवढंच म्हणाले, "मावशी, त्या कुंड्या मी भिजवल्या नव्हत्या. वहीत खोटं लिहिलं होतं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. "मला काय सांगतीस? मी तितंच व्हते की."

"मला माफ..."

"सायबानं तुला इचारलं ना, तवा मी वाट बघितली. मला वाटलं, आता बोलंल. पोरगी चांगली हाय, बोलंल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मंग घरला आल्यावर बी वाट बघितली. दिवाळीपातुर बघितली."

"तुम्हीच का नाही सांगितलंत तेव्हा?"

"तुझं लेकरू आजारी व्हतं म्हनून पयल्यांदा गप बसले. मंग कुनी इचारलंच न्हाई. इचारलं ते तुला."

ओट्यापुढून पाणी वाहत होतं. मी रडले, पण त्या रडण्याचा त्यांना काही उपयोग नव्हता आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, काठी घेतली आणि उठल्या.

"चल."

"कुठं?"

"फाट्यावर. कंपनीची बस यायची येळ झाली. मला सांगून काय व्हनार? ज्यांनी म्हनलं त्यांना सांग."

फाट्यापर्यंत त्यांना बराच वेळ लागला. मी छत्री धरली तर त्यांनी हातानं बाजूला केली. पहिल्या शिफ्टच्या बाया बसमधून उतरत होत्या, गळ्यात ओळखपत्रं, हातात डब्यांच्या पिशव्या. त्यांत कमल होती. जाड झालेली, केस पांढरे व्हायला लागलेले. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम करते म्हणाली. आणखी पाच-सहा जणी थांबल्या. दोघी आमच्या वेळच्या, बाकीच्या नव्या. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्या म्याडम. ह्यांना कायतरी सांगायचंय."

मी सांगितलं. खालच्या आवाजात, रस्त्याकडे बघत. मावशींनी कात्री प्रत्येक वेळी बुडवली होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. रोग कुंड्यांतून आला. त्या मी न भिजवता भरायला लावल्या होत्या. मावशींनी मला थांबवलं होतं.

कमल ओशाळून हसली. "जाऊ द्या की मॅडम आता. एवढी वर्सं झाली. कुनाच्या ध्यानात हाय ते?"

"माझ्या," मावशी म्हणाल्या.

मागे उभी असलेली एक नवी पोरगी शेजारणीला विचारत होती, काय झालं, काय म्हणतायत त्या. तेवढ्यात एक लांबलचक कंटेनर फाट्यावर वळायला लागला आणि त्याच्या आवाजात सगळंच बुडालं. बाया चिखल उडेल म्हणून मागे सरकल्या. मावशी सरकल्या नाहीत. तो वळून पुरा निघून जाईपर्यंत त्यांनी वाट बघितली.

"पुन्यांदा सांग," त्या म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

मी बायांकडे वळून उभी राहिले आणि पहिल्यापासून, मोठ्यांदा, सांगायला लागले.